लाकूड अजून तेल पितंय

—नाही नाही, गोधडीत नका गुंडाळू अजून, हिंमतराव. एवढी काय घाई? बसा. इकडे बसा, म्हणजे मला तुम्हीही दिसाल आणि तीही. ती म्हणजे रायफल हो. हे तिला ‘ती’च म्हणायचे. चहा टाकलाय, नको म्हणू नका. बाणेरहून कोथरूडला यायचं म्हणजे हल्ली परगावी जाऊन आल्यासारखंच. पूर्वी तुमच्या शेतातली भाजी यायची आमच्याकडे, आता तिथं काचेच्या इमारती, आणि त्यात आमच्या आनंदसारखी पोरं बसलेली. आनंदनंच फोन केला ना तुम्हाला मिशिगनहून? माहितीय मला. ‘आईकडून रायफल घेऊन टाका, म्हणजे ती मोकळी होईल’ — असंच म्हणाला ना? हं. मोकळी.

तुमच्या भिंतीवर तलवारी आहेत, दांडपट्टा आहे, खंडेनवमीला थाटात पूजा करता, तुम्हाला मी काय सांगणार — पण नेताय म्हणून ऐका. ह्यांच्या कंपनीत कॉम्प्युटर आले आणि ह्यांना व्हीआरएस घ्यायला लावली. बरोबरच्या कुणी गाळे घेतले, कुणी पोल्ट्री काढली. ह्यांनी बंदूक आणली! भोरकडच्या एका जहागीरदारांकडून. महायुद्धातली, गोऱ्यांच्या नेमबाजांची — ढिगातून अचूक लागणारी तेवढी निवडायची आणि तिच्यावर दुर्बीण बसवायची, अशी पद्धत. पुढं कुणीतरी नळी बदलून शिकारीची केली, म्हणून तर आपल्यासारख्यांना लायसन्स मिळालं. आणली तेव्हा काय अवतार होता! खिडक्यांना मारून उरलेला हिरवा ऑइलपेंट लाकडाला फासलेला, गाल टेकायची लाकडी उशी गायब, दुर्बिणीच्या जागी नुसती भोकं. ह्यांनी गॅलरीत बसून तो रंग काचेच्या तुकड्यानं खरवडला, अगदी हलक्या हातानं — पॉलिश पेपर लावायचा नाही, लाकडावरचे शिक्के जातात म्हणे. मग जवसाचं तेल. फडक्यानं नाही, तळहातानं. तळहात गरम होईपर्यंत चोळायचं, वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं. ह्यांचे सांधे धरले तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. दिवाळीत पाहुणे म्हणायचे, घरात फर्निचरचं काम काढलंय का? म्हटलं, हो, बिनकामाचं फर्निचर आहे.

तेल चोळण्याचं काही नाही हो, त्यात हात रमतो. जाच निराळाच. लायसन्स देताना साहेबांनी ह्यांना दम भरला — रायफल चोरीला गेली तर आधी तुम्हाला आत घेऊ. झालं. त्या दिवसापासून घर रिकामं ठेवायचं नाही. दोघांपैकी एकानं घरात हवंच. लग्नाला हे, तर बारशाला मी. नाटकाची दोन तिकिटं आम्ही पुन्हा कधी काढलीच नाहीत — हसू नका, मला तेव्हा हसू येत नव्हतं. आणि हे बाहेर पडले की सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप. मी आत असताना! का, तर बघणाऱ्याला दुहेरी बंदोबस्त दिसावा. किल्ली होती माझ्याकडे एक, जाळीतून हात घातला की निघायचं ते, दूध घेताना रोज काढायचे मी. पण बाहेरून कुलूप ते बाहेरूनच ना.

सुटका कधी, तर निवडणुकीत. आचारसंहिता लागली की बंदूक पोलिसांकडे जमा, तुम्हाला ठाऊकच आहे. मधे नाही का, एक सरकार आलं की पडायचं, दुसरं आलं की तेही पडायचं? लोक पक्षांवरून भांडत होते, आणि हे म्हणायचे, कुणाचंही येऊ दे, पण टिकू दे. परत आणली की हिच्या पाठीवर नवा ओरखडा, आणि ह्यांना जेवण जायचं नाही. मला मात्र ते दिवस सणासारखे. बंदूक त्यांच्याकडे, घराला कुलूप, आणि आम्ही दोघं सारसबागेत. काही नाही हो, नुसती भेळ खायची आणि चालत यायचं. यंदा हे नव्हते, तर मीच घेऊन गेले जमा करायला. हे गेल्यावर लायसन्स माझ्या नावावर झालं ना — फोटो बघा, चोर दिसतेय. गोधडीत गुंडाळून रिक्षात बसले. रिक्षावाला म्हणाला, आजी, तानपुरा का? म्हटलं, हो, पण सूर लावायला सरकारची परवानगी लागते. येताना एकटीच सारसबागेत गेले. भेळ अर्धी टाकून दिली.

हा दस्त्यावरचा नंबर बघा. हा दुर्बिणीचा. जिची जी दुर्बीण, तिचा नंबर असा लाकडात ठोकलेला असतो. हे तिच्या मागावर कित्येक वर्षं, कुणाकुणाला पत्रं. शेवटी डेहराडूनहून एका निवृत्त कर्नलचं उत्तर आलं, त्यांच्या कपाटात होती. तोच नंबर! हे नाचायचेच बाकी राहिले. लगेच निघाले. आणि दुसऱ्या दिवशी मिरजेहून फोन — आई गेली. भाऊ म्हणाला, तू ये, तोवर थांबतो आम्ही. मिरज काय लांब आहे? स्वारगेटला जायचं, एसटीत बसायचं. मी साडी बदलली, पिशवी भरली, आणि त्या दारापाशी उभी राहिले. बाहेरून कुलूप. किल्ली हातात. आणि नाही काढलं मी ते. घर रिकामं कसं टाकायचं, बंदूक आहे ना! तिथंच बसले स्टुलावर, पिशवी मांडीवर घेऊन, अंधार पडेपर्यंत. भाऊ तरी किती थांबणार? चार दिवसांनी हे आले ते दुर्बीण छातीशी धरून. म्हटलं, आई गेली. तर म्हणाले, अगं, मग जायचंस ना! जायचंस ना. त्या दोन शब्दांसाठी मी ह्यांना कधी माफ केलं नाही. खरं होतं ना ते, म्हणूनच नाही केलं.

काय म्हणालात? — हो, आता सुटले, असंच वाटतं ना सगळ्यांना. व्हिसा झालाय, आनंदनं तिकीट काढलंय, हिला घ्यायची तुमची परवानगी आलीय. नातीनं, सृष्टीनं, माझ्या तिथल्या खोलीच्या दारावर चित्रसुद्धा चिकटवलंय. राहिलीय ती ही एवढी. पण मी राहून आलेय हो तिथं, सृष्टी झाली तेव्हा. सकाळी दोघं कामाला जायची, जाताना भिंतीवरचं बटण दाबून. ‘आई, दार उघडू नकोस हं, भोंगा वाजतो, पोलीस येतात.’ बाहेर गुडघाभर बर्फ. खिडकीतून माणूस म्हणून दिसायचं नाही. बाळ झोपलं की मी कुकरशी बोलायचे. आणि निघायची वेळ आली तर आनंद म्हणाला, आई, आता इथंच राहा, बाबांनाही बोलावून घेऊ. चांगला आहे हो माझा मुलगा, तेच तर अवघड आहे, त्याच्या तोंडावर नाही म्हणवत नाही. आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं — अरे, घरी बंदूक आहे ना, बाबांना घर सोडता येत नाही. एका वाक्यात सुटले! जिनं मला एवढी वर्षं कोंडलं, तिनंच... आता तुम्ही हिला नेलीत की उद्या मी त्याला काय सांगू? तुझ्या घरात माझा जीव गुदमरतो, असं सांगू? एकुलत्या एका मुलाला?

हे बोलायचं नव्हतं मला. तुम्ही आनंदला सांगाल. नाही? सांगाल, पुरुषांच्या पोटात राहत नाही.

ठेवा. ठेवा ती खाली. हिंमतराव, अहो ठेवा म्हणते ना — पूर्ण झालेली नाहीये ती. ही गालाची उशी बघा, नवीन करून बसवलीय, बोट लावा, कोरडी लागतेय की नाही? लाकूड अजून तेल पितंय. अजून हात द्यायला हवेत. किती ते मी काय सांगू, ते लाकूड ठरवतं. दसऱ्यानंतर बघू. आनंदला सांगा, आई अर्धवट काम कुणाच्या गळ्यात मारत नाही.

चहा उतू गेला वाटतं. राहू दे आता, तुम्हालाही उशीर होतोय, ऑफिसं सुटली की चांदणी चौकात अडकाल. — फोन वाजतोय. त्याचाच असणार, तिकडे सकाळ झाली. वाजू दे. तुम्ही निघा. दार नुसतं ओढून घ्या. कुलूप मी लावते, आतून.