सोताच्या तोंडानं

व्हय, बरी झाली की माझी सून! घुमत न्हाय, मंगळवारी केस सोडत न्हाय — गरीब गाय झालीया, बघा, चुलीम्होरं बसलीय. बसा डाक्तर, च्या घ्या — आमच्या हातचा चालतो न्हवं? सोलापुरात एवढं डाक्तर, पर मनाचा इलाज करनारं तुमीच एकटं. आन् इलाज काय, तर खुर्चीवर बसवायचं आन् बोल म्हनायचं! बाटली न्हाय, अंगारा न्हाय. बोलून आजार जातो व्हय? — जातो, जातो, गेला की.

तुमीच न्हवं का चाळीत समद्यांम्होरं सांगितलं — ही देवी न्हाय, केराबाईच्या मनातलं दुक हाय, ते देवीच्या तोंडानं बोलतंय? लई शाने! आमाला कळत नव्हतं व्हय? माझं मालक दुसरी करायला निगालं, तवा मायाक्का देवी माझ्या अंगात काय उगंच आली हुती? — न्हाय, म्हंजी — आली हुती, खरीच आली हुती. सासूनं माझ्या पायावर डोसकं ठिवलं, आन् मालकांनी मरंस्तवर सवतीचं नाव काडलं न्हाय. तसंच ही घुमाय लागली की मीबी हिला भंडारा लावून पायाशी वाकायची. काय करता? देवी म्हनायची, ‘ह्या घरात सवत आनशीला तर घराचा उकिरडा करीन.’ ज्ञानबा, माझा ल्योक, गिरणीत साच्यावर उभा ऱ्हानारा गडी — पर चळाचळा कापायचा. टेंभुर्णीला माझ्या भावाची पोरगी त्येच्यासाठी बघून ठिवलेली, ती लगनाची ताटकळली ह्या देवीपायी.

मग तुमी हिला शिकिवलं — देवी कशाला, सोताच्या तोंडानं बोल. बोलली की! परवा जेवताना, केस बांदून, चांगली शुद्दीवर, म्हनली, ‘मला सवत नगं.’ — आमी हसलो. ज्ञानबा तर हातातला घास ठिवून हसला. मूल न्हाय झालं त्या बाईचं कोन ऐकतं, डाक्तर? तुमच्या घरात ऐकत्यात?

सोमवारी ज्ञानबाची हळद हाय. भंडारा उरलाय डबाभर, त्योच लावू नव्या नवरीला — वाया कशाला घालवायचा? का वं, तोंड का उतरलं? ज्ञानबाला समजावता? काय सांगनार त्येला — देवी खरी हुती म्हनून? तुमीच खोटी पाडलीया. समद्या चाळीनं ऐकलंय.

केरे, डाक्तर निगालं गं, पाया पड त्येंच्या. — बघा, पडली. बोलती का? जरा इचारा की, तुमचा धंदाच हाय तो. — न्हाय ना? मग जावा आता. भोंगा झाला, ज्ञानबा यील.