रस्त्याकडची खोली

...आणि वर मलाच विचारतात, इंदू, तुझं तोंड असं का? अहो, असं म्हणजे कसं? आहे ते तोंड आहे! जळत नाही मी कोणावर, आधीच सांगून ठेवते. आमच्या शेजारच्या चंदाला एस.टी.चा कंडक्टर 'चंदाताई, या, समोर बसा' म्हणतो आणि मला, बी.कॉम. झालेल्या मुलीला, 'ए पोरी, सरक तिकडं' म्हणतो. म्हणू द्या! पण तुम्हाला सांगते, मोहाच्या लाडवांची कल्पना माझी होती. माझी! चंदाची नाही!

झालं काय, की बी.कॉम. झाले, नोकरी काही येईना, म्हणून चंद्रपूरला स्वयंरोजगाराच्या शिबिराला गेले. तिथले सफारी घातलेले सर टेबलावर हात आपटून सांगायचे, 'उद्योजक जन्मत नाही, सवयीनं घडतो. रोज सकाळी चहाच्या आधी एक नवी कल्पना काढा आणि आरशासमोर उभं राहून ती खणखणीत आवाजात बोला. लाज जाते, आत्मविश्वास येतो.' मला पटलं. घरी आले आणि दुसऱ्या सकाळपासून आरशासमोर! 'मी धानाच्या तुसापासून राखुंडी करीन! मी बांबूचे लॅम्पशेड करून नागपूरला पाठवीन!' माय चुलीपुढं फुंकणी धरून बसलेली, ती बाबांना हाक मारून सांगायची, की अवो, पोरगी आरशासंग भांडून राह्यली. आणि बाबा अंगणातून विचारायचे, चंद्रपुरात काय पाजलं बा हिले? एक तरी शब्द कौतुकाचा? आपल्याकडं म्हातारं माणूस भिंतीशी बोललं तर नामस्मरण, आणि तरुण मुलगी बोलली की तिला काहीतरी लागलं!

आता चंदाच्या आणि आमच्या घरात भिंत म्हणजे काय, तर एक कुड. बांबूच्या तट्ट्याला माती लिंपलेली, तीही जागोजागी गळालेली. इकडं मी आत्मविश्वास वाढवते, तिकडं चंदा दात घासत ऐकते! मॅट्रिकला गणितात अडकली ती अडकलीच, पण कान बघा बाईचे.

तर एका सकाळी सुचले मोहाचे लाडू. मोहाची वाळवलेली फुलं भाजायची, तीळ-जवस भाजून कुटायचे, गूळ घालून वळायचं. इतकं साधं, इतकं चवदार, आणि कोणी विकत नाही! पण मोहाचं नाव काढलं की आपल्या मोठ्या माणसांना त्याची एकच गोष्ट आठवते, आणि ती बाटलीत भरतात. 'बीकाम होऊन मोह इकते?' बाबांनी विचारलं. मी म्हटलं, 'लाडू इकते बाबा, अन् मले रस्त्याकडची खोली पाह्यजे दुकानाले.' ते म्हणाले, त्या खोलीत धानाचे पोते आहेत. अहो, सरकारनं चंद्रपुरातून अख्खा गडचिरोली जिल्हा वेगळा काढला, पण आमच्या घरातून एक खोली वेगळी निघेना! शेवटी बाबा म्हणाले, 'मंडईत इकून दाखव. इकले तर खोली तुही. नाई तर गप पोहे करायले शीक, यंदा पाहुणे सोयरीक घेऊनच येतात.'

म्हणजे एकीकडं दुकान आणि दुसरीकडं नवरा. मी जिवाच्या आकांतानं लाडू वळले.

आता मंडई तुम्हाला काय सांगायची? दिवाळी झाली की एकेका गावाची मंडई, म्हणजे जत्राच, दिवसा दुकानं, रात्री नाटक आणि घराघरात पाहुण्यांची खोगीरभरती. मी दुकान मांडलं कुठं? आमच्याच गावच्या मंडईत. सरांनी सांगितलं होतं ना, आपल्या माणसांपासून सुरुवात करा! केली. पहिली बाई आली, चार लाडू घेतले, कमरेची पिशवी काढली, आणि माझी माय मागून धावत आली.

'इंदू, पाहुण्याकडून पैसे घेते का वं? नाक कापते का आमचं?'

ती मायची मावसबहीण निघाली. तिच्यामागं आत्या. आत्यामागं आत्याची जाऊ. जावेमागं तिचा भाऊ, भावामागं त्याचं सासर! अहो, मंडईला येतं कोण? पाहुणेच येतात! मी म्हटलं, 'माय, हा धंदा आहे.' तर माय म्हणते, 'धंदा आहे तर मंग राती जेवणाचंही बिल फाड त्यायचं.' आणि टोपलं हातात घेऊन स्वतःच वाटायला लागली, घ्या घ्या, आमच्या पोरीनं केले. दुपारी लाडू संपले तर हिनं वर्षभराचा साठवलेला मोह भाजायला काढला. पाहुणे नाराज होतील म्हणून! संध्याकाळी घरात मोहाचं एक फूल उरलं नाही, आणि बाबा शांतपणे म्हणाले, 'पोह्याचं पाह्य आता.'

त्यातच चंदा येऊन गेली. माझ्याच दुकानातला लाडू फुकट खाल्ला, आणखी एक पदरात बांधला आणि जाताना म्हणाली, 'ताई, गूळ कमी पडला.' आणि आठवड्यानं बाई टोपलं घेऊन शेजारच्या गावच्या मंडईत! जिथं तिचा ना मामा, ना मावशी. आणि ओरडून काय विकते? 'मोहाचे लाडू, खाऊन पाहा! चढले तर पैसे परत!'

चढले तर पैसे परत. रोज चहाच्या आधी आरशासमोर मी उभी राहते, आणि हे वाक्य तिला सुचतं? जळत नाही मी, पण त्या वाक्यावरून मला दोन रात्री झोप नाही. लोक हसत हसत घेतात, खाऊन झोकांड्या खाल्ल्याचं नाटक करतात, आणखी घेतात. त्या मंडईतून पुढची मंडई, तिथून पुढची. सिंदेवाहीच्या बाजारातून हिरवे सँडल आले, मग ट्रान्झिस्टर आला. तो कुठं ठेवते? कुडालगत, आमच्या बाजूला तोंड करून!

आणि मग आले पाहुणे. श्रीहरीभाऊ, मुलाला घेऊन, मला बघायला. मंडईत लाडू खाल्लेले ना, फुकट! म्हणाले, ज्या पोरीनं ते लाडू केले तिच्याच हातचे पाहिजेत. आता मोह आणायचा कुठून? माय मागच्या दारानं चंदाकडं गेली. चंदानं लाडू दिले आणि पैसे घ्यायला मागोमाग दारात येऊन उभी राहिली. शेजार शेजाराच्या जागी, धंदा धंद्याच्या जागी, म्हणे.

श्रीहरीभाऊंनी एक खाल्ला, दुसरा उचलला. 'हे तर मंडईतल्याहून चांगले. पोरीनंच केले ना?'

'हो मंग,' माय म्हणाली. 'आमची इंदूच करते.'

दारात चंदानं पदर तोंडाला लावला. मी बोलणार होते हो, खरंच बोलणार होते, तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात श्रीहरीभाऊ बाबांकडं वळून म्हणाले, 'खुशालभाऊ, अशी कला घरात आन दुकान नाई टाकून देत पोरीले?' आणि जे बाबा वर्षभर माझं ऐकत नव्हते, ते पाहुण्यापुढं छाती काढून म्हणतात, 'उद्याच पोते हालवतो त्या खोलीतले.'

मी तोंड मिटलं. तुम्ही काय केलं असतं?

सोयरीक नाही जमली. मुलगी फार मोठ्यानं बोलते म्हणे. पण खोली मिळाली! आता मोहाचं नवं फूल पडणार होळीच्या सुमाराला, तोवर दुकानात ठेवायचं काय? गेले चंदाकडं. मान खाली घालून गेले. ती देते लाडू, पैसे आधी घेऊन देते. वर मोठेपणा बघा, 'पाटीवर नाव तुमचंच राहू द्या ताई, मले नावाचं काय करायचं?'

पाटी मी स्वतः रंगवली. 'इंदू गृहउद्योग', लाल अक्षरात, एस.टी.तून दिसेल इतकी मोठी. पहिल्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं, पाटी सावकाश वाचली, माझ्याकडं बघितलं, दुकानात डोकावलं आणि म्हणालं, 'बाई, चंदाताई कुठी गेली?'

मी म्हटलं, 'येईल. बसा.'