एकाच गंजातला पाटोडी-रस्सा

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय आनंदराव, मुख्याध्यापिका गार्गीताई, कार्यालयाचे मधुकरराव, माझे सहकारी शिक्षक-शिक्षिका आणि पहिल्या रांगेत बसलेले माझे सासरे महादेवराव, म्हणजे आमचे मामाजी, आपणा सर्वांना कामिनीचा नमस्कार.

इतकं कौतुक ऐकल्यावर गणिताच्या बाईनं काय बोलावं? थोडी वजाबाकी करावी, असंच वाटतं. असो. निवृत्त होणाऱ्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, ही आपल्या शाळेची रीत. आज पाटोडी-रस्सा आहे, पण त्यावर तर्री नाही, ही बातमी आधीच फुटली. मधुकरराव काळजीनं म्हणाले, "मॅडम, पेशंटचं जेवण देऊन राहिल्या काय? तर्रीचा येगळा गंज ठेवा ना!" वेगळं पातेलं ठेवायला मी नाही म्हटलं. का, ते सांगते.

गेल्या वर्षी मामाजींच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्यांचा जन्म हातमागावर गेला. रश्श्यावर तेलाचा लाल तवंग नसेल, तर त्यांच्या लेखी ते जेवणच नव्हे. पाहुण्याच्या वाटीत तर्री कमी पडली, तर यजमानाचा हात आखडला म्हणणारी आमची माणसं! डॉक्टरांनी तेल तोडलं, म्हणून घरात त्यांचा रस्सा वेगळा शिजू लागला. आणि मामाजी ताट बाजूला सारू लागले. डोळ्यांदेखत माणूस खंगत होता, आणि मला फार भीती वाटायची. एकदा विचारलं, "मामाजी, जेवत काहून नाही?"

"चव गेली चुलीत वं," ते म्हणाले. "आपल्या घरी पहिली वाटी म्हाताऱ्याची असते. तुमी मले पंगतीतून उठवलं."

त्या दिवशी ठरवलं, आता घरात गंज एकच चढेल. सोपं होतं का? छे! मसाला तळण्याऐवजी तव्यावर कोरडा भाजला, दाटपणासाठी जवस वाटून घातले, बेसनाची पाटोडी वाफेवर शिजवली. पहिला रस्सा असा झाला की आमच्या यजमानांनी, म्हणजे जितेंद्रनी, मुकाट्यानं लोणच्याशी पोळी खाल्ली. मुलगा अंकुर म्हणाला, "मी बाहेरून मागवतो." म्हटलं, "मागव की. पण आजोबाले तू सांग." मागवलं कोणीच नाही.

मग खोबरं अधिक खमंग भाजलं, सुक्या मिरच्या भिजवून वाटल्या. हळूहळू रश्श्यात चव उतरली. एका रविवारी मामाजींनी वाटी पुढे केली. "वाढ वं अजून. पन याच्यावर तर्री नाही, हे मी बोलणारच!" बोला म्हटलं. मधल्या काळात तर बोलायचीही ताकद उरली नव्हती ना त्यांच्यात! मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मधुकरराव, आज तर्रीचा गंज वेगळा ठेवला असता, तर बिनतर्रीची वाटी पुन्हा कोणाच्या पुढ्यात एकटी आली असती? मामाजींच्याच ना! आणि या सभागृहात खिशात बीपीची गोळी घेऊन किती जण बसलेत, ते मी हात वर करायला सांगून विचारत नाही.

या शाळेनं मला माणसं दिली, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल, तर आपली समजून पोटात घाला. आज पहिली वाटी मामाजींची, त्याच गंजातली दुसरी अध्यक्ष महोदयांची, आणि पुढच्या तुम्हा सर्वांच्या. तर्री नाही, त्याबद्दल मात्र मी माफी मागणार नाही.