जोडीतली दोन नंबरची दुनळी

जी बंदूक कधी उडवायचीच नाही, ती घ्यायची कशाला? दादाला मी हे शंभरदा विचारलं. तो नुसता हसायचा. आता कोण सांगणार?

पॉइंट कुक उपनगरात त्याच्या हॉलमध्ये भिंतीवर एक जुनी इंग्रजी दुनळी होती. ठासणीची, स्फोटक टोपीवर घोडा पडून उडणारी. नळ्यांच्या मधे सोन्याचा आकडा, दोन. जोडीतली एक नंबर तासाभरावरच्या बॅलरॅट गावात, केन म्हाताऱ्याकडे. फोनवर दोघांचं ठरलेलं भांडण.

"केन, तुझी मला विक."

"तुझीच मला विक, मेट!" केन सगळ्यांनाच मेट, म्हणजे दोस्त, म्हणायचा.

दादा मला म्हणायचा, "निदान दोन्ही एकदा शेजारी-शेजारी बघू. रविवारी गाडी काढतोस?"

"बंदुका कुठे पळून चालल्यात?" मी म्हणायचो.

मागच्या महिन्यात दादाच गेला. कामावरच हार्ट अटॅक आला.

वहिनी म्हणाली, "मला ती बंदूक बघवत नाही. ने कुठेतरी."

मी विचार न करता दुनळी ब्लँकेटात गुंडाळली आणि थेट बॅलरॅटला जाऊन केनचं दार वाजवलं.

"आला का ताळ्यावर तुझा भाऊ?" त्याने हसत विचारलं. दादा गेल्याचं मी सांगितलं, तसा तो पायरीवरच बसला.

"कितीला देतोस?" ब्लँकेटाकडे बघत तो म्हणाला.

"विकत नाही. तुझ्याजवळ ठेव."

आत भिंतीवर त्याच्या बंदुकीखाली दोन खुंट्या रिकाम्याच होत्या. इतकी वर्षं त्यानेही वाट बघितली होती.

"दोन नंबर खाली," तो म्हणाला. "एक नंबर नेहमी वर असते, मेट."

"आज नाही."

मी त्याची बंदूक खालच्या खुंट्यांवर उतरवली, स्टुलावर चढलो आणि दादाची वर टांगली.