निळा ठिपका

(माले गावाच्या वरच्या अंगाला मेंढपाळ नाथाचं घर. चुलीत विळा तापतोय.)

करिष्मा: आई, तो विळा आधी बाहेर काढ. आप्पा, हात इकडं करा.

नाथा: विळा ऱ्हाऊ दे. आज अवस हाय, वैदू बापूसाहेब हात डागायला येतोय. तू कालिज सोडून कशाला पळत आलीस?

करिष्मा: आईचा फोन आला म्हणून. काल तुमी तापलेला तवा उघड्या हातानं उचलला म्हणं.

बानूबाई: कातडं जळाल्याचा वास आला तवा मला कळलं. ह्यांना पत्ताच न्हाई.

नाथा: दुखलंच न्हाई. मग डागायला तरी काय भ्यायचं?

करिष्मा: दुखत न्हाई म्हणूनच भ्यायचं.

नाथा: मनगटाला कातर लागून चार म्हैने झालं. पुण्याच्या डाक्टरनं नस शिवली, तू म्हनलीस बरं हुईल. अंगठा आन् दोन बोटं नुसती लाकडं झाल्यात. गाभन मेंढीच्या पोटाला हात लावला की मला आतलं कोकरू कळायचं. आता मेंढी हाय का गोनपाट, त्ये बी कळंना.

करिष्मा: शिवली म्हणजे लगेच चालू होत नाही. तुटल्या जागेपासून पुढचा धागा मरतो. त्याच्यावर वेष्टण असतं, विजेच्या तारेवर असतं तसं. ज्या पेशींनी ते गुंडाळलं, त्याच ते मोडून खातात.

नाथा: म्हंजी राखनदारानंच मेंढरू खाल्लं. आन् ह्याला तू बरं व्हनं म्हनतीस?

करिष्मा: मेंढरं कोंडायची वाघर फाटली तर तुमी काय करता?

नाथा: कुजकी सुतं आदी काढतो. त्याच्यावर गाठ धरत न्हाई.

करिष्मा: तेच चाललंय. जुनं साफ केलं की त्याच पेशी रांगेनं उभ्या राहतात, वाट धरून ठेवतात. त्या वाटेनं नवा धागा वाढतो, मग त्याला पुन्हा वेटोळी घालतात. दिवसाला एक मिलिमीटर.

नाथा: म्हंजी केवडं?

करिष्मा: आंबेमोहराच्या दाण्याची जाडी. तेवढीसुद्धा नाही.

नाथा: तवर मेंढरांची पिढी बदलंल. दिवाळीची कातरनी कोन करनार, तुझ्या पेशी?

करिष्मा: मीपण वैतागलेय, आप्पा. दर रविवारी विचारते काही जाणवतंय का, तुमी न्हाई म्हणून फोन ठेवता.

बानूबाई: खोटं बोलत्यात. लई दिस झालं, हाताला करंट मारतोय. रातचं उठून बसत्यात.

नाथा: तू गप. त्यो वात हाय, म्हनून तर डाग. पुनवेला बापूसाहेबानं बोटानं ठोकून बघितलं. जितं झटका बसला तितं मेंढरांच्या खुणेचा निळा रंग लावला. आज तितंच डागनार.

करिष्मा: पंधरा दिवस ठिपका टिकला?

बानूबाई: मेंढीवर पावसाळा काढतोय त्यो रंग.

करिष्मा: हात सैल सोडा. ठिपक्यावर ठोकते. काय होतंय?

नाथा: काय न्हाई. जरासं.

करिष्मा: आणि इथं?

नाथा: हळू. पार अंगठ्यात गेला झटका.

करिष्मा: ठिपक्यापासून किती पुढं आहे, तुमीच बघा.

नाथा: एक बोट. बापूसाहेबाचा ठिपका चुकला म्हन की.

करिष्मा: ठिपका बरोबर आहे. नस पुढं आलीय. नव्या धाग्यावर अजून वेष्टण न्हाई, म्हणून झटका बसतो. आणि तुमी त्याच्यावर विळा ठेवून घेणार होता.

नाथा: बोटाच्या शेंड्यापतूर कवा?

करिष्मा: तीन-चार महिने. आणि पहिल्यासारखं सगळं कळेलच असं नाही.

नाथा: कोकरू?

करिष्मा: ठाऊक नाही, आप्पा.

नाथा: बाने, विळा पान्यात घाल. बापूसाहेब आला की चा दे, म्हनावं आज डागायचं न्हाई.

बानूबाई: घातला.

नाथा: करिष्मे, कोपऱ्यात रंगाचा डबा हाय. आज नस जितवर आलीया तितं नवा ठिपका लाव. तूच लाव, मला झाकन उघडंना.