ह्यांना ‘कसे आहात’ विचारू नका

—नाही नाही, त्याच खुर्चीवर बसा ताई, मुद्दामच पुढं केलीय ती. डुगडुगतेय ना? डुगडुगू दे. तुमच्या कार्यालयातून तपासणीला कुणीतरी येणार म्हटल्यावर माळ्यावरून खाली काढली — आमच्या ह्यांनी आजारपणात केलेली शेवटची खुर्ची. पाय चार, पण एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. आणि ते समोरचं कपाट बघा, ते हे बरे असतानाचं. दार लावून बघा, आवाज येतो का? नाही येत. सुतार म्हणून काय हात होता हो ह्यांचा, आणि आता साधी पेन्सिल धरली तरी थरथरतो, रंधा तर लांबच — मग ह्याहून मोठा दाखला कुठल्या डॉक्टरनं द्यायचा?

हो, मागच्या वेळी मदतीचा अर्ज फेटाळला, तेच तर सांगतेय. कशानं फेटाळला? एका शब्दानं. डॉक्टरांच्या मंडळासमोर ह्यांना नेलं, मी आपली दारात उभी. मोठे डॉक्टर स्वभावानं चांगले, आल्याआल्या विचारलं, काय, कसे आहात? आणि आमचे हे — पायात त्राण नाही, सदऱ्याची बटणं सकाळी मी लावून दिलेली — हे म्हणाले, “मजेत.” झालं. आता मला सांगा, कुणी कसे आहात विचारलं की मजेत म्हणतातच ना माणसं? ते काय उत्तर असतं होय? तोंडाला पडलेलं वळण ते. पण तिथं लिहून घेतलं ना. महिन्याभरात कागद घरी — अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही, काम करण्यास योग्य. मी म्हटलं, अहो, लग्न झाल्यापासून चहा गार, उशी कडक, शेजारी आगाऊ, तक्रारीशिवाय दिवस गेला नाही तुमचा, आणि नेमकं तिथंच तुम्हाला समाधान सुचलं? राग आला ताई, आणि खरं सांगते, रडूही आलं. कारण ही मदत मिळाली नाही तर औषधं थांबवायची की ही भाड्याची जागा सोडायची, एवढंच ठरवायचं राहिलंय आता.

म्हणून ह्या वेळी तालीम घेतली. मी झाले डॉक्टर. ह्यांचाच चष्मा नाकावर चढवला आणि विचारलं, कसे आहात? म्हणायचं काय, तर “होत नाही हो काही.” एवढंच. जमलं? छे. पहिल्यांदा मजेत. दुसऱ्यांदा, आपल्या कृपेनं बरं चाललंय. तिसऱ्यांदा तर मलाच विचारतात, डॉक्टर, तुमच्या घरी सगळे ठीक ना? बरं, चार दिवस दाढी तरी वाढवा म्हटलं, जरा आजारी दिसाल, तर आज सकाळी हट्ट धरून बसले — परकं माणूस घरी येणार आणि मी खुंट दाखवत बसू? शेवटी मीच करून दिली. त्यांच्या हातात वस्तरा दिला असता तर तपासणी दवाखान्यातच झाली असती.

भेटायचंय? भेटाल हो, पळून कुठं जातायत. आत आहेत, झोपलेत — नाही, झोपलेले नाहीत. तो ठकठक आवाज त्यांचाच. बाहेरून कडी घातलीय मी. असं बघू नका, कोंडून ठेवायला मी काय सावत्र आई आहे? तुमच्यासमोर येऊन त्यांनी तो शब्द बोलू नये, एवढ्यासाठी घातली. काय? माझ्या बाहीला काय आहे? भुसा होय — लाकडाचाच. स्टुलं करायला घेतलीत शेजारणीची. म्हणजे काम हे करत नाहीत हं! हे खाटेवर बसून सांगतात, मी कापते. करवत मी ओढायची, खिळे मी ठोकायचे, आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, ह्यांच्या हातची वस्तू आहे. तेवढंच त्यांना बरं वाटतं. ते नका लिहू बाई. लिहिलंत? मग माझ्या नावापुढं लिहा, त्यांच्या नको. आणि बाथरूममध्ये पडतात तेव्हा उचलते कोण, तेही लिहा. दुसरं आहेच कोण घरात? माणूस वाळला म्हणता म्हणता वजन काही कमी होत नाही हो त्यांचं.

उघडते, उघडते. फक्त माझं एक ऐका. पेला उचलून दाखवा म्हणा, बटण लावून दाखवा म्हणा, दारापर्यंत चालून दाखवा म्हणा — पण कसे आहात, तेवढं विचारू नका. जीभ सोडून बाकी सगळ्या अंगाला विचारा. ते खोटं बोलत नाही.

थांबा, उठू द्या मला. भिंतीला धरलं की येतं उठता. आई गं — काही नाही, कंबर आहे, ती आपली अशीच धरते. हे मनगट? सुजलंय कुठं, जरा भरल्यासारखं दिसतं एवढंच. अहो, माझं काय बघत बसलात, तपासायचं त्यांना आहे. मला? मला काय धाड भरलीय. मी आहे की म—