दुकान आहे, पण दिसत नाही!

नाही, पण मी म्हणतो, दुकान म्हणजे काय गवतात पडलेली सुई आहे का हो, दिसायचं नाही म्हणजे? चांगलं भर चौकात, बेकरीच्या शेजारी, काचेवर हातभर अक्षरं, आत आमच्या हृषिकेशची बायको अहिल्या गळ्यात टेप अडकवून सकाळपासून उभी... आणि मोबाइलमधल्या त्या एआयला विचारलं, की बाबा रे, हेर्त्सोगेनआउराखमध्ये पँट कुठे आखूड करून मिळेल, तर ते म्हणतं कसं, "आनंदानं सांगतो! एर्लांगेनला जा!" अरे, शेजारच्या शहरात, एर्लांगेनला कशाला? पँट लोळतेय त्या माणसाच्या पायात, बसमध्ये चढताना तोंडावर आपटेल ना तो! पण नाही. दुकान आहे, पण दिसत नाही!

आता तुम्हाला सांगतो, मुळात गाव कुठलं? जर्मनीतलं, जिथे खेळाचे कपडे करणाऱ्या कंपन्यांची मोठमोठी ऑफिसं! झाडून सगळं गाव ट्रॅकपँटमध्ये. बँकेतला साहेब ट्रॅकपँटमध्ये, त्याची सासू ट्रॅकपँटमध्ये, आणि इलॅस्टिकला कोण हो टीप मारून घेतो? तिथे कपडे कमी-जास्त करून देण्याचं दुकान काढायचं म्हणजे टकल्यांच्या गावात कंगवे विकायला बसण्यापैकी. तरी काढलं! का काढलं? तर हृषिकेश बेअरिंगच्या कंपनीत इंजिनियर, सकाळी गेला की संध्याकाळी उगवणार, आणि अहिल्या लग्न होऊन आली तेव्हापासून घरात. कुणी विचारलं, तुम्ही काय करता, की म्हणायची, "मी हृषिकेशची बायको." हे दुकान म्हणजे तिची स्वतःची अशी पहिली गोष्ट हो! आणि घरमालकीण, फ्राऊ ह्यूब्नर, एक दिवस येऊन म्हणतात, "आल्झो, तर मग, ऑक्टोबरात करार संपतो. ठेवणार की सोडणार? बेकरीवाल्याला जागा हवीच आहे."

झालं! अहिल्या मशीनवर बसली. गिऱ्हाईक नाही म्हणून एकच उशीचा अभ्रा शिवायची, उसवायची, पुन्हा शिवायची. ते बघून हृषिकेश हट्टालाच पेटला. म्हणाला, काही झालं तरी हे दुकान एआयच्या तोंडी घालणार म्हणजे घालणार.

मग गाठला डार्मश्टाटचा रोहन. या विषयातला म्हणे जाणकार. व्हिडिओवर येऊन अगदी डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात तशा आवाजात म्हणाला, "सर, पूर्वी लोक शोधायचे, दहा दुकानं दिसायची, त्यातलं एक निवडायचे. आता लोक विचारतात आणि एआय उत्तर देतं. त्या उत्तरात तुम्ही नाही, तर तुम्ही नाहीच, सर." घ्या! भाडं भरतोय, वीज भरतोय, आणि नाहीच! "साइट दाखवा," म्हणाला. दाखवली. तर काय निघावं? आमच्या हृषिकेशनंच साइटला आतून कडी घातलेली! अहो, डाटनशुट्स! माहिती जपायची, माहिती जपायची, इकडे राहून राहून हा रोगच लागतो माणसाला. साइट करताना प्रश्न आला, एआयला हे वाचू द्यायचं का, की यानं डोळे मिटून ठोकलं, नाइन, म्हणजे नाही! दुकानाची जाहिरात गुप्त ठेवणारा हा जगातला पहिला दुकानदार!

बरं, कडी काढली. आत काय? रोहननं वाचलं आणि डोक्याला हात लावला. "सर, लोक विचारतात, पँट आखूड करून मिळेल का? तुम्ही काय लिहिलंय?" यानं काय लिहिलं होतं माहितीये? 'वस्त्राच्या खालच्या कडेची लांबी ग्राहकाच्या गरजेनुसार, दोन मिलिमीटरच्या अचूकतेत, बदलली जाते.' अरे, पँट आहे की बेअरिंग? तेही बदललं. साधे प्रश्न, साधी उत्तरं. तरी एआय म्हणतंय, एर्लांगेन!

"सर," रोहन म्हणाला, "आता शेवटचा उपाय. तुमच्याबद्दल दुसऱ्यांनी नेटवर लिहिलं पाहिजे."

आणि इथेच, तुम्हाला सांगतो, इथेच घात झाला! कारण गावातली चार जर्मन गिऱ्हाइकं, ती काय लिहिणार? काम झालं, 'जा, गुट', म्हणजे हो, छान, म्हणाली, गेली. मग हृषिकेशला आठवलं, की अहिल्या दरवर्षी भारतात जाताना बॅग भरभरून ब्लाउज, परकर, झबली शिवून नेते. सासरी नाशिकला नेते, माहेरी कराडला नेते. टाकला त्यानं दोन्हीकडच्या ग्रुपवर निरोप, 'ज्यांनी खरंच शिवून घेतलंय, त्यांनीच लिहा. आणि खरं तेच लिहा.' अहो, मराठी नातेवाइकांना कुणी असं सांगतं का? खरं लिहा म्हणून?

माहेरची माणसं तुटून पडली! "आमच्या उर्मिलेच्या हाताला तोड नाही!" "उर्मीनं शिवलेलं ब्लाउज दहा वर्षं झाली, एक टाका उसवला नाही!" आता तुम्ही विचाराल, ही उर्मिला कोण? अहो, अहिल्याच ती! माहेरची उर्मिला. लग्नात हृषिकेशच्या आत्याबाई म्हणाल्या, नाव बदलायचं आपल्याकडे, आणि हृषिकेशनं तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं, अहिल्या. पासपोर्टवर अहिल्या, दुकानावर अहिल्या, फक्त कराडला तेवढी उर्मिला.

आणि सासरची माणसं? "अहिल्याचं शिवण ठीक असतं." ह्या आत्याबाई. "अहिल्यावहिनींनी दिलेला ड्रेस काखेत काचतो, पण स्वभाव चांगला आहे." ही नणंद, मालविका. आणि खुद्द हृषिकेशच्या आई! "अहिल्या शिवते बरं. चहा फार छान करते." चार तारे. पाच का नाही, आई? तर म्हणे, "पाच दिले की डोक्यावर बसतात."

एआयला मराठी येत नसतं ना, तर निभावलं असतं. पण येतं हो, हीच तर पंचाईत! रविवारी दोघं शेजारी बसली, हृषिकेशनं देवाचं नाव घेऊन विचारलं, पँट कुठे आखूड करून मिळेल... आणि आलं! नाव आलं! हृषिकेश खुर्चीतून उठला! आणि पुढचं वाचून तसाच खाली बसला.

"आनंदानं सांगतो! चौकात, बेकरीच्या शेजारी एक दुकान आहे. तिथल्या उर्मिला यांच्या कामाची ग्राहक मनापासून स्तुती करतात. मात्र त्या आता तिथे नसाव्यात. अलीकडे अहिल्या नावाच्या बाई काम बघतात. त्यांचं शिवण साधारण आहे. चहा उत्तम. शक्य असल्यास उर्मिला यांच्यासाठीच आग्रह धरा."

अहिल्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. सासरकडची एकेक ओळ उघडून वाचली. म्हणाली, "इतकी वर्षं शिवून नेतेय मी यांना." बस, एवढंच. आणि हृषिकेशला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दुकान आता दिसत होतं हो, पण दिसत नव्हतं तेच बरं होतं!

सोमवारी दुकानाचं दार वाजलं. गावातलेच कुणी हेर, म्हणजे मिस्टर, क्रेमर, हातात चक्क सुटाची पँट. टकामका बघत म्हणाले, "उर्मिला आहेत का?"

हृषिकेश सुट्टी काढून कोपऱ्यात बसलेला, त्यानं डोळेच मिटले. अहिल्या उभी. त्या गावात, त्या देशात, त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. गळ्यातला टेप सरळ केला आणि म्हणाली, "हो. मीच उर्मिला."

"गॉट झाय डांक, देवाची कृपा!" हेर क्रेमर म्हणाले. "मला वाटलं, ती दुसरी असेल."

मग काय, रीघ लागली! जो येतो तो विचारतो, उर्मिला आहेत ना? ती दुसरी नाही ना? फ्राऊ ह्यूब्नर करार वाढवून गेल्या, जाताना स्वतःचा कोट टाकून गेल्या, "उर्मिलाच शिवणार ना?" म्हणून विचारून. काचेवरची अक्षरं बदलली. हृषिकेश म्हणाला, मी एआयला कळवतो, या दोघी एकच आहेत म्हणून. ती म्हणाली, "खबरदार! हात लावाल तर."

आणि परवा संध्याकाळी बिचारा दमून घरी आला, बूट काढले, सोफ्यावर बसला आणि सवयीनं हाक मारली, "अहिल्या, चहा टाकतेस का गं?"

आतून आवाज आला, "अहिल्या काम सोडून गेली. आता इथे उर्मिला असते. ती फक्त शिवते."

उठला. करतो काय! पातेलं सापडलं, दूध सापडलं, चहाची पूड सापडली. त्याच घरात इतकी वर्षं राहतोय माणूस, सगळी कपाटं उघडून झाली, खाली वाकून झालं, स्टुलावर चढून झालं... आणि शेवटी मला फोन. रडवेला आवाज. म्हणतो, "अरे, साखर आहे रे घरात, ती म्हणतेय, समोरच आहे... पण दिसत नाही!"